गारवाल्या भाऊची घागर

गार तळहातावर घेतली की पहिल्या क्षणी ती भाजते. आग आणि हिम यांच्या स्पर्शातला भेद कळायला त्वचेला एक श्वास जावा लागतो. मग बोटं बधिरतात, मग ओलावतात, आणि मग त्या शुभ्र, टणक ऐटीचं साधं पाणी होऊन ते मनगटावरून ओघळून जातं. फाल्गुन सरता सरता चांदा जिल्ह्यातल्या त्या घनदाट अरण्यात एका दुपारी गारा पडल्या होत्या. मोहाखाली आधीच फुलांचा सडा होता, त्यावर गारांचा सडा पडला. फुलांचा मादक गोडवा, तापलेल्या मातीचा उमाळा आणि गारांचा तो निर्गंध गारठा यांचं असं काही मिश्रण हवेत दाटलं, की आज नुसतं आठवलं तरी ऊर भरून येतो. मी आणि भागाबाई, दोघी ओच्यात गारा वेचत धावत होतो. एक मॅट्रिक झालेली नवी रेंजरीणबाई आणि दुसरी डाकबंगल्यावर पाणी भरणारी, केस पिकलेली विधवा. पण गारांपुढे कुणाचं वय राहतं आणि कुणाची पदवी राहते!

तुम्ही म्हणाल, क्षणात विरघळणाऱ्या वस्तूचं एवढं काय कौतुक? सांगते. माझं कुंकू, माझा संसार, माझ्या दोन्ही मुली या साऱ्यांच्या मुळाशी ती गार आहे, आणि एक माणूस आहे, जो माझ्या जन्माआधीच पृथ्वीच्या टोकावरच्या बर्फात नाहीसा झाला. त्याला मी पाहिलं नाही, त्याचं नावही मला ठाऊक नाही. तरी देवापुढे हात जोडले की गणपतीनंतर आणि कुलदेवतेच्या आधी तो मधेच येऊन उभा राहतो, आणि मीही त्याला हाकलत नाही.

ती एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळं चांदाच, म्हणजे आजचं चंद्रपूर. मी नागभीडची. धानाच्या बांध्या आणि रेल्वेची शिट्टी यांच्यात वाढलेली, त्यामुळे जंगल मला नवं नाही असा माझा समज होता. लग्न होऊन यांच्याबरोबर बल्लारपूरपर्यंत गाडीनं, तिथून लाकडाच्या ट्रकनं आणि शेवटी बैलगाडीनं त्या मुक्कामी पोचले, तेव्हा तो समज गळून पडला. हे रेंजर, म्हणून मी रेंजरीणबाई. शेजारी साहेबलोकांसाठी बांधलेला डाकबंगला, समोर आठ-दहा घरांचं गाव, आणि उरलेलं सगळं सागवान. वर्तमानपत्र यायचं ते शिळं होऊन. बोलायला माणूस नाही, आणि मला तर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही!

डाकबंगल्याच्या दिवाणखान्यात एक भिंतीतलं कपाट होतं. कुणी गोरा अधिकारी जाता जाता आपली पुस्तकं तिथंच टाकून गेला होता. बहुतेक शिकारीची. वाघ मारल्याच्या त्या एकसुरी बढाया वाचून मला वाघाचीच कणव यायला लागली. त्यांच्याच तळाशी त्या माणसाचं पुस्तक सापडलं. वाळवीला ग्रंथकारांविषयी काडीचा आदर नाही. ती आरंभ मुखपृष्ठापासूनच करते. कव्हर गेलेलं, नावाचं पान गेलेलं, पहिल्या प्रकरणाची चाळणी झालेली. पण आत चित्रं शाबूत होती. एक गोठलेलं जहाज, काही कुत्री, आणि दाढीत हिमाचे कण अडकलेला, डोळे बारीक करून हसणारा एक माणूस. कोश मांडीवर घेऊन, अडखळत अडखळत मी ते इंग्रजी वाचू लागले. सुरुवातीला वेळ जावा म्हणून वाचलं, आणि मग वेळ कमी पडावा अशी इच्छा करत वाचलं.

कसा लिहायचा तो! त्याच्या प्रवासाइतकंच त्याच्या लिहिण्याचं मला अप्रूप वाटतं. उत्तरेकडच्या कुठल्याशा कोळीवाड्यात त्याचा जन्म. बाप जाळी विणायचा, आणि हा त्याच जाळ्यांच्या राशीवर पडून ढगांचे आकार न्याहाळायचा. पुढं तो जहाजावर गेला, होकायंत्र शिकला, आणि जिथं नकाशा कोराच आहे अशा पांढऱ्या प्रदेशात उमेदीची वर्षं घालवून बसला. शाई गोठते म्हणून पेन्सिलीनं लिहायचा. एवढं भोगलेला माणूस, पण पराक्रमाची भाषा त्याला येतच नव्हती. सहा महिन्यांच्या त्या प्रदीर्घ रात्रीनंतर क्षितिजावर सूर्याची कड उगवली, तर दुसऱ्या कुणी चार पानं सूर्यस्तोत्र लिहिलं असतं. यानं लिहिलं काय, तर स्वयंपाक्यानं तवा वाजवला, आणि आम्ही सगळे एकमेकांचे चेहरे किती मळलेत ते बघून हसलो. खाण्याविषयी मात्र भरभरून लिही. आईच्या हातच्या गरम घावनांचं वर्णन तर इतक्या तन्मयतेनं, की मी पुस्तक मिटून चुलीशी गेले होते. 'मी' हा शब्द तो शक्यतो टाळायचा. त्याच्या वाक्यांतून नेहमी 'आम्ही' चालत असतात. आणि त्या 'आम्ही'त कुत्रीसुद्धा नावानिशी मोजलेली. मोठेपणा म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

चैत्र लागला आणि चांद्याचं ऊन आपलं खरं रूप दाखवू लागलं. ज्यांनी ते सोसलं नाही त्यांना शब्दांनी काय सांगायचं! दारांना वाळ्याचे ताटे, म्हणजे वाळ्याच्या मुळ्यांचे विणलेले पडदे लागले, आणि त्यांवर पाणी मारायला भागाबाई दुपारभर बाहेर बसू लागली. आत मी, बाहेर ती, मधे भिजलेल्या वाळ्याचा सुगंध. वाचताना मी हसले की ती विचारी, काऊन हसता बाई? मग मी सांगायची. सांगता सांगता रोजचं पारायणच सुरू झालं. पांढऱ्या प्रदेशाची तिला कल्पना नव्हती, तिनं बर्फ पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही पाहिला नव्हता. पण फाल्गुनातल्या त्या दुपारी, ओच्यातल्या गारा दाखवून, असल्याच गारांच्या जमिनीवर माणूस महिनोन् महिने चालला असं मी तिला सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून तिनं त्याचं नाव ठेवलं, गारवाला भाऊ. वाळवीनं खाल्लेल्या नावाच्या जागी हे नाव मला इतकं चपखल वाटलं, की मीही तेच वापरू लागले. आज गारवाला भाऊ कुठवर आला, असं ती ताट्यावर तांब्या रिता करताना विचारी, जणू तो नाल्यापलीकडच्या गावाहून निघालेला पाहुणाच.

बाहेर अंग भाजून काढणारा वैशाख दार ठोठावत असताना आम्ही दोघी हिमवादळांत हिंडत होतो. त्या माणसानं मला त्या उन्हाळ्यात जो गारवा दिला त्याला तोड नाही. पुस्तकातली थंडी कधी अंगाला लागते का, असं विचाराल, तर लागते. माझ्या अंगावर भर दुपारी शहारे आलेले भागाबाईनं पाहिले आहेत.

मग एक प्रकरण आलं ते तहानेचं. मला वाटलं होतं, तिकडं मरण येतं ते थंडीनं. पण त्यानं लिहिलं होतं की त्या प्रदेशात माणूस सर्वांत जास्त तळमळतो तो पाण्यासाठी! चहूकडे पाणीच पाणी, पण सारं गोठलेलं. वितळवायला तेल हवं, आणि तेल संपलं की पाणीही संपलं. बर्फ नुसता चघळावा, तर तहान भागत नाही, उलट अंगातली उरलीसुरली ऊब तो खाऊन टाकतो. म्हणून जाताना वाटेत ठिकठिकाणी अन्न आणि तेल पुरून, वर काळं निशाण रोवून ठेवायची त्यांची पद्धत. जाताना ठेवलेलं येताना कामी येतं. आपल्याला लागलं नाही तरी ते उकरून परत न्यायचं नाही, असा यानं स्वतःपुरता नियम केला होता. मागून कोण येईल ते आपल्याला माहीत नसतं, पण जो येईल तो उपाशी असेल एवढं नक्की माहीत असतं, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं लिहिलं होतं. हा भाग मी भागाबाईला सांगितला तेव्हा तिनं मान डोलावली. त्यात तिला नवल काहीच वाटलं नाही.

पुस्तकाच्या शेवटी त्याच्या मित्रानं लिहिलेली दोन पानं होती, तीही नाव न घेता, नुसतं 'आमचा मित्र' म्हणत. गारवाला भाऊ पुढल्या मोसमात पुन्हा गेला, आणि परतला नाही. शोधायला गेलेल्यांना त्याचा तंबू मिळाला, तेलाचा रिकामा डबा मिळाला. तो मिळाला नाही. इतके दिवस बरोबर चाललेला माणूस असा न सांगता सवरता जातो म्हणजे काय? बाहेर भागाबाईचा तांब्या थांबला होता. तिनं ताट्याआडून विचारलं,

"मंग त्याले पानी कोनं देल्लं, बाई?"

मी म्हटलं, त्यांच्या मुलखात गेलेल्याला पाणी द्यायची रीत नसते. पण ती हे का विचारत होती, ते मला ठाऊक होतं. तिचा नवरा सागवानाच्या गाड्यांबरोबर बल्लारपूरच्या वाटेला लागला आणि ऐन वैशाखात, वाटेतच, ऊन लागून गेला. बरोबरचे गाडीवान पुढं निघून गेले होते. जाताना त्याच्या तोंडी कुणी पाणी घातलं की नाही, हे तिला अखेरपर्यंत कळलं नव्हतं. आपल्याकडे अक्षयतृतीयेला गेलेल्यांच्या नावानं पाण्याची नवी घागर मांडतात. भागाबाई ती दरवर्षी मांडायची, आणि सासूसासऱ्यांच्या घागरींपेक्षा नवऱ्याची घागर मोठी असायची.

त्या वर्षी तृतीयेच्या सकाळी ती कुंभाराकडची एक जास्तीची घागर काखेत घेऊन माझ्या दारात उभी राहिली. पाणी सोडायला नाव लागतं, तर गारवाल्या भाऊचं खरं नाव काय, असं विचारत होती. मी पुस्तक आणून तिला ते कुरतडलेलं पान दाखवलं. वाळवीनं अगदी नावच खाल्लं होतं. मला वाटलं, आता ही हिरमुसून परत जाणार. तिनं पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "नाव नाई तं नाई. तहान तं होती ना."

घागर घरी मात्र मांडली नाही. घरचा माणूस असता तर घरी मांडली असती, तो वाटेवरचा माणूस, त्याला पाणी वाटेवरच द्यायचं, असा तिचा हिशेब. गावामागं जिथं गाडीवाट फुटते, एक फाटा नाल्याकडे आणि एक दाट रानाकडे जातो, तिथं एक कुसुमाचं झाड होतं. सारं रान उघडंबोडकं झालं तरी त्याची सावली हिरवीगार. त्याच्या बुंध्याशी तीन दगडांवर तिनं घागर ठेवली, तोंडावर पळसाचं पान, पानावर खडा, गळ्यात तांबड्या चिंधीची गाठ. तेंदूची पानं तोडायला बाया त्याच वाटेनं जात. भागाबाईही जाई, आणि जाताना घागर भरून ठेवी. तृतीया होऊन गेली, पण तिचं भरणं काही थांबेना. एवढ्या लांबून येणार, बाई, त्याले वेळ लागन, असं ती अगदी गंभीरपणे सांगायची. खुळं शास्त्र म्हणा, भाबडेपणा म्हणा. बर्फात मेलेल्या माणसाला चांद्याच्या रानात पाणी पाजायचं, ही चूक करावी तर भागाबाईनंच! यांना मी सांगितलं तेव्हा हे पोट धरून हसले. तुझा साहेब विलायतेहून निघालाय, बल्लारपूरला गाडी बदलेल ना नीट, असं रोज जेवताना मला चिडवायचे. मी चिडायचीही. नवीन संसारात चिडण्यात एक सुख असतं.

आणि मग वणवा लागला.

वैशाखात रानाला आग लागणं नवं नव्हतं, पण त्या दिवशीचं वारं वेडं होतं. सकाळीच हे गार्ड आणि गावातली माणसं घेऊन गेले. आगीच्या पुढं पट्टा साफ करायचा, समोरून उलटा जाळ लावून तिला अडवायची, हे नेहमीचं काम. दुपार कलता कलता माणसं परतू लागली, काळवंडलेली, खोकत, डोळे सुजलेली. हे त्यांत नव्हते. वारं फिरलं आणि धुराच्या लोटात चुकामूक झाली, एवढंच कळलं. एका गार्डाला भोवळ आली होती, त्याला यांनी आपली पाण्याची बाटली दिली आणि पुढं पाठवलं, असं तो गार्डच रडत रडत सांगत होता. म्हणजे यांच्याजवळ पाणी नव्हतं. माणसं पुन्हा शोधायला गेली, धुरानं परत फिरली, पुन्हा गेली. रात्र कशी गेली ते विचारू नका. दुसरा दिवस उजाडला आणि ऊन चढू लागलं. त्या उन्हात, पाण्याशिवाय, भाजलेल्या रानात माणूस किती तग धरतो, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून माझ्याशी कुणी डोळ्याला डोळा देईना.

मी ओसरीवर बसले होते. देवाचं नाव घ्यावं तर ते आठवेना. डोळ्यांपुढं येत होता तो दाढीत हिम अडकलेला चेहरा आणि तेलाचा तो रिकामा डबा. भागाबाई माझ्याजवळ बसली होती. तिनं मला धीराचा एक शब्द दिला नाही, आणि त्याबद्दल मी आजन्म तिची आभारी आहे. खोटं आश्वासन न देता नुसतं जवळ बसणारं माणूस मिळणं, हे फार मोठं भाग्य असतं. ताट्यावर त्या दिवशी पाणी मारलं गेलं नाही. वाळा कोरडा पडून करकरत होता.

डोक्यावर ऊन आलं तेव्हा गावामागच्या वाटेनं दोन बाया ओरडत आल्या. त्यांच्या मागं, एका माणसाच्या खांद्यावर भार टाकून, हे चालत येत होते. भुवया जळलेल्या, ओठ फुटलेले, अंगावरच्या खाकीचा कोळसा झालेला. पण चालत येत होते! मी धावले की जागीच बसले, ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की यांनी मला पाहिलं, हसायचा प्रयत्न केला, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे:

"तुझ्या साहेबाचं पाणी पिऊन आलो."

पुढं सगळं हळूहळू कळलं. धुरात दिशा गेली, नाला समजून धरलेली घळ कोरडी निघाली, जिभेला कोरड पडून ती टाळ्याला चिकटली. सकाळी कुठल्याशा गाडीवाटेला लागले तेव्हा ती आपल्याच गावाची वाट आहे, हेही ओळखू येईना. आता बसावं, आणि एकदा बसलो की उठायचं नाही, असं मनात आलं त्याच वेळी जळक्या काळ्या रानापलीकडे एक हिरवी सावली दिसली, आणि सावलीत तांबडी चिंधी. काळ्या निशाणाऐवजी तांबडी चिंधी, एवढाच काय तो फरक! पळसाचं पान उचललं तर आत गार पाणी. आधी ओठ भिजवले, मग घोट घोट घेतला, मग तिथंच सावलीत पडून राहिले, आणि पानं तोडायला निघालेल्या बायांना सापडले. गावापासून ते झाड हाकेच्या अंतरावर नसलं, तरी फार लांब नव्हतं. पण तहानलेल्या माणसाला मरायला तेवढं अंतर पुरतं. गारवाल्या भाऊनंही हेच लिहिलं होतं.

अंगात त्राण आल्यावर हे पहिल्यांदा गेले ते भागाबाईच्या घरी. सरकारी रेंजर तिच्या अंगणात उभा राहून हात जोडतोय, हे पाहून ती भलतीच संकोचली. बसायला पोतं टाकलं. यांनी तिचे उपकार मानले, तुझ्यामुळे वाचलो म्हणाले. मी पदराआडून डोळे टिपत होते. तिनं यांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मले काऊन सांगता, भाऊ? मी तं भरली नुसती. पानी त्याचं होतं, त्याले सांगा."

त्याला सांगा! किती साधी गोष्ट, आणि किती अवघड. ज्याचं नाव नाही, गाव नाही, जो कुठल्या हिमाच्या थराखाली निजला आहे हे त्याच्या माणसांनाही ठाऊक नाही, त्याला कसं सांगायचं? बर्फातल्या मुक्कामी, सुन्न बोटांत पेन्सिल धरून तो आपल्या तहानेविषयी लिहीत होता, तेव्हा त्याला काय ठाऊक, की आपली ही तहान समुद्र ओलांडून, एका अडखळत्या मॅट्रिक पोरीच्या तोंडून, ताट्यावर पाणी मारणाऱ्या एका म्हातारीच्या काळजाला जाऊन लागणार आहे, आणि तिथं तिचं पाणी होणार आहे! लिहिणाऱ्यानं आपलं लिहिणं असंच वाटेत पुरून ठेवायचं असतं. मागून कोण येईल ते त्याला माहीत नसतं. तो माझ्या यांना ओळखत नव्हता, तरी त्याच्या वाटणीचं पाणी यांनी प्यायलं. माझ्या दोन्ही मुली त्या घागरीनंतरच्या. धाकटी फार पाणी प्यायची, तेव्हा हे म्हणायचे, साहेबाची उरलेली तहान हिच्याकडे आलीय.

बदली झाली तेव्हा ते पुस्तक मी कपाटातच ठेवून आले. न्यावंसं फार वाटलं. पण वाटेत ठेवलेलं उकरून परत न्यायचं नाही, हा त्याचा नियम मी वाचला होता. त्याचं नाव शोधून काढणंही पुढं मला कठीण गेलं नसतं. थोरली कॉलेजात शिकवते, ती कितीदा म्हणाली, आई, मी ग्रंथालयात बघू का? मी नको म्हटलं. भागाबाईनं ज्याला नावाशिवाय पाणी दिलं, त्याला मी नाव विचारणारी कोण? भागाबाई गेल्याचं पुढं बल्लारपूरला भेटलेल्या त्या गार्डाकडून कळलं. कुसुमाखाली घागर अजून कुणीतरी भरतं, असंही तो म्हणाला. कुणाच्या नावानं भरतात, हे आताच्या लोकांना माहीत नाही.

आता हेही नाहीत. अक्षयतृतीयेला मी यांची घागर घरात मांडते आणि दुसरी फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, चिंधी बांधून. ऊन उतरेपर्यंत कोण कोण येऊन पिऊन जातं. तोंड पुसतात आणि पुढं जातात, कुणाचं पाणी म्हणून विचारत नाहीत. यंदा ऐन तृतीयेच्या दुपारी अवकाळी आभाळ फुटलं आणि अंगणात गारा पडल्या. गुडघे बोलत असतानाही वाकून मी ओंजळभर वेचल्या. तळहात पहिल्या क्षणी भाजला, मग गार झाला. विरघळायच्या आत फाटकाबाहेर जाऊन त्या तशाच घागरीत सोडल्या. म्हटलं, भाऊ, यांनी तुमचं पाणी प्यायलं होतं. भागाबाईनं तुम्हाला सांगायला सांगितलं होतं, ते राहूनच गेलं होतं.